आधी बालरथ, मग मैदान, मोबाईल शेवटी

पत्र:

माझा मुलगा १२ वर्षांचा, सातवीत आहे. आम्ही डिचोली तालुक्यातले. चवथीपर्यंत रोज संध्याकाळी बॉल घेऊन बाहेर असायचा, आता बॉलकडे बघतही नाही. दुपारी पावणेदोनला बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरतो, जेवतो आणि मोबाईल घेऊन बसतो, तो मी साडेपाचला कामावरून येईपर्यंत. रात्री परत तेच. घरी आजी असते, तिचं ऐकत नाही. अंगाने थोडा जाड आहे, म्हणून बसमध्ये आणि पी.टी.ला काही मुलं त्याला 'उंडो' (गोल पाव) म्हणून चिडवतात, ढकलतात, असं त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं. तो स्वतः काही बोलत नाही. पी.टी. असते त्या दिवशी सकाळी पोटात दुखतं म्हणतो. मोबाईल काढून घेतला की दार आपटतो, जेवत नाही. त्याचे बाबा वेर्ण्याला शिफ्टमध्ये असतात. ते म्हणतात, एकदा उलट एक ठेवून दे, ती मुलं गप्प बसतील. मला वाटतं तो आळशी झालाय, कसलीच प्रेरणा उरलेली नाही. मोबाईल कायमचा बंद करू का?
– एक आई, डिचोली

उत्तर:

ताई, नमस्कार.

मोबाईल आज बंद करू नका. त्यावर मर्यादा घालायचीच आहे, पण ते काम शेवटचं आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत आधी चिडवणं सुरू झालं, मग खेळ सुटला आणि रिकामी झालेली दुपार गेमने भरली. सोडवायचंही त्याच क्रमाने. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं, कारण मोबाईल डोळ्यांसमोर असतो आणि बालरथात काय चालतं ते कोणाला दिसत नाही.

त्याआधी 'आळशी' हा शब्द घरातून बंद करा, आजीलाही सांगा. दुपारभर एका गोष्टीत डोकं घालून बसणारा, गेममधला नकाशा तोंडपाठ असणारा, चार जणांची तुकडी जमवणारा आणि हरलं तरी पुन्हा सुरू करणारा मुलगा प्रेरणाहीन नसतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर कित्येक दशकं काम केलं आहे. त्यांची मांडणी साधी आहे: माणूस एखादी गोष्ट मनापासून करतो तेव्हा त्याच्या तीन गरजा भागत असतात. ही गोष्ट मी माझ्या मर्जीने करतोय, ती मला जमू लागली आहे आणि इथे मला आपलं म्हणणारं कोणीतरी आहे.

आता पी.टी.चा तास डोळ्यांसमोर आणा. शिक्षक दोन कॅप्टन नेमतात आणि तुमचे गडी तुम्हीच निवडा म्हणतात. एकेक नाव पुकारलं जातं, ओळ आखूड होत जाते, आणि शेवटी तुमचा मुलगा एकटा उभा राहतो. मग दोन्ही कॅप्टन एकमेकांना म्हणतात, 'ह्याला तुम्ही घ्या.' सगळा वर्ग ते ऐकतो. तिथे त्याची मर्जी नाही, जमेल असा विश्वास नाही आणि सोबतही नाही. गेममध्ये मात्र कुठे उतरायचं ते तोच ठरवतो, त्याची पातळी वाढलेली आकड्यात दिसते, आणि तुकडीतले तिघं त्याची वाट बघत असतात. त्याचं पोट तिथे कोणालाच दिसत नाही. त्याला सध्या निवारा देणारी ही एकच जागा आहे. दुसरी जागा तयार होण्याआधी ती काढून घेतली, तर तो दार आपटणारच.

म्हणून सुरुवात बालरथापासून.

चिडवाचिडवी सगळीच मुलं करतात, आणि सगळ्याच चिडवण्याला छळ म्हणू नये. या विषयावरचं पायाभूत संशोधन स्वीडन आणि नॉर्वेत डॅन ओल्व्हेउस यांनी केलं. त्यांनी ठरवलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंच्या बळात फरक असतो. हा फरक अंगबळाचा असेल, संख्येचा असेल, नाहीतर वर्गातल्या दबदब्याचा. तुमच्या पत्रात तिन्ही खुणा आहेत. त्यामुळे 'मुलं आहेत, चालायचंच' हे उत्तर शाळेकडून आलं, तर ते मान्य करू नका.

मुलाकडून माहिती काढताना समोरासमोर बसवू नका. स्कूटरवर मागे बसलेला असताना, वाटाणे सोलताना, अंधारात अंथरुणावर पडल्यावर मुलं जास्त बोलतात. 'तुला कोण त्रास देतं?' हा प्रश्न जड आहे, त्याला नाव घ्यावं लागतं आणि चुगलीखोर ठरण्याची भीती असते. त्याऐवजी जागेबद्दल विचारा. 'बालरथात कोण कुठे बसतं रे?' एक कागद द्या आणि त्याला बसच्या सीटा काढून दाखवायला सांगा. चित्र काढताकाढता तो कुठे थांबतो, कोणत्या सीटेपाशी गप्प होतो, ते बघा. तसंच पाण्याच्या नळाचं, टॉयलेटचं, मधल्या सुट्टीचं. ऐकून घेताना 'मग तू काय केलंस?' हे विचारायचं टाळा. त्याला ते 'तू काहीच कसं केलं नाहीस?' असं ऐकू येतं. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं पहिल्या दिवशी पुरे. आणि एक वचन देऊ नका: 'मी कोणाला सांगणार नाही.' ते तुम्हाला मोडावंच लागेल. 'तुला सांगितल्याशिवाय मी शाळेत जाणार नाही' हे वचन द्या आणि पाळा.

घरी एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं किंवा काय केलं, आसपास कोण होतं, कोणत्या मोठ्या माणसाला कळलं आणि पुढे काय झालं. शब्द जसेच्या तसे लिहा. 'खूप चिडवलं' यावर शिक्षक काही करू शकत नाहीत. 'मंगळवारी बसमध्ये मागच्या सीटेवरच्या दोघांनी दप्तर खिडकीबाहेर धरलं, अटेंडंट पुढे होत्या' यावर करू शकतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा गेमच्या चॅटमध्ये काही येत असेल, तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. मुलं रागाने आधी डिलीट करतात आणि पुरावा जातो. हेही तपासा की त्रास देणारी मुलं गेममध्येही त्याच्या मागे आहेत का. तसं असेल तर त्या खेळाडूंचा आवाज बंद करणं, ब्लॉक करणं आणि गेममध्येच तक्रार नोंदवणं या तिन्ही सोयी असतात, त्या त्याच्यासोबत बसून वापरा.

मग शाळेत जा. आधी वर्गशिक्षकांना भेटा, वेळ मागून. फाटकाजवळ दोन मिनिटं गाठलं तर दोन मिनिटांचंच उत्तर मिळतं. सोबत एक पानी अर्ज न्या, त्यात वहीतल्या चारपाच नोंदी असू द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जाची भाषा शांत ठेवा. त्रास देणाऱ्या मुलांच्या घरच्यांबद्दल त्यात एक शब्दही नको. मागायचं काय, ते नेमकं ठरवून जा.

पहिली मागणी बसची. त्याची सीट अटेंडंटच्या मागची पहिली असावी, आणि मागच्या सीटेवर बसणाऱ्या त्या मुलांना बसमध्ये वेगवेगळं बसवावं. तुमच्या मुलाला एकट्याला उचलून पुढे बसवलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर ती त्यालाच शिक्षा वाटते. दुसरी मागणी पी.टी.ची. कॅप्टननी गडी निवडण्याची पद्धत बंद करून एक-दोन-एक-दोन मोजून किंवा चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत. ही मागणी छोटी वाटते, पण तिचा उपयोग फार मोठा आहे, आणि तिला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. वर्गासमोर वजन करणं, धावण्यात शेवटच्या आलेल्याची वेळ मोठ्याने वाचणं हेही थांबवायला सांगा. तिसरी मागणी अशी की शाळेतलं एक मोठं माणूस ठरवून द्यावं, ज्याच्याकडे तो मधल्या सुट्टीत कधीही जाऊ शकेल. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून बऱ्याच शाळांना समुपदेशक मिळाले आहेत. तुमच्या शाळेत ते कोणत्या दिवशी असतात ते विचारा आणि त्यांना या बैठकीतच बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका. पुष्कळ शाळांत दोन्ही बाजूंच्या मुलांना समोर उभं करून 'हात मिळवा, मित्र व्हा' म्हणतात. बरोबरीच्या दोन मुलांचं भांडण असेल तर ते चालतं. छळात बळ बरोबरीचं नसतं, त्यामुळे कमजोर मूल भीतीपोटी हात मिळवतं आणि दुसऱ्याच दिवशी बसमध्ये 'सांगितलंस काय?' म्हणून दुप्पट वसूल होतं. शिक्षकांनी त्या मुलांशी एकेकट्याने बोलावं, तेही स्वतः पाहिल्याचा किंवा अटेंडंटने सांगितल्याचा आधार घेऊन. तुमच्या मुलाचं नाव तक्रार करणारा म्हणून पुढे येता कामा नये. बघे असतात त्यांनाही सोडू नये. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी जो 'किवा' कार्यक्रम उभा केला, त्याचा मुख्य भर बघ्यांवर आहे. हसणारे प्रेक्षक मिळाले की चिडवणाऱ्याला जोर येतो. प्रेक्षकांतला एकजण जरी 'पुरो आतां' (पुरे आता) म्हणाला, तरी बऱ्याच वेळा प्रकार तिथल्या तिथे थांबतो. ज्या आईने तुम्हाला हे सांगितलं, तिचा मुलगा हाच तो एकजण होऊ शकतो. त्याला मारामारीत पडायला सांगायचं नाही, फक्त तुमच्या मुलाच्या शेजारी बसायला सांगायचं.

निघण्याआधी पुढची तारीख घ्या, दहा दिवसांनंतरची. तारीख नसली की विषय विरतो. दहा दिवसांत काहीच हललं नाही तर मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघ, मग तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी, आणि शेवटी पर्वरीचं शिक्षण संचालनालय, अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर आधीच्या अर्जाची पोच जोडा. मारहाण होत असेल, पैसे उकळले जात असतील, कपडे ओढणं किंवा नको तिथे हात लावणं असा प्रकार असेल, तर पायऱ्या चढत बसू नका. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर थेट फोन करा. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर शाळेने ते पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या मुलांच्या आईवडिलांना तुम्ही स्वतः फोन करू नका, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात लिहू नका. तिथे गोष्ट पालकांच्या मानापमानाची होते आणि मूल बाजूला पडतं.

आता त्याच्या बाबांच्या सल्ल्याबद्दल. मुलगा दबून राहू नये ही त्यांची कळकळ खरी आहे. पण तो एकटा आहे आणि समोर टोळकं. त्याने हात उचलला तर मार त्यालाच जास्त बसेल, आणि शिक्षकांना दिसतो तो नेहमी शेवटचा फटका, म्हणून शिक्षाही त्यालाच. बाबांना दुसरं काम द्या. घरी असतील तेव्हा त्यांनी त्याच्यासोबत सराव करावा: खांदे मागे, नजर समोरच्याच्या कपाळावर, आवाज न चढवता 'पुरो. सोड.' एवढे दोनच शब्द, आणि लगेच वळून मोठ्या माणसाच्या दिशेने चालू लागणं. उत्तराला उत्तर द्यायचं नाही, कारण त्यांना तेच हवं असतं. बाबांनी चिडवणारा मुलगा व्हायचं, याने उत्तर द्यायचं, मग अदलाबदल. दोन-तीन मिनिटं, आठवड्यातून काही वेळा. हे तोंडात बसायला वेळ लागतो, आयत्या वेळी सुचत नाही. पण छळ थांबवणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे. 'तू नीट बोलला असतास तर' असं त्याला कधीही म्हणू नये.

शाळेत पहिली भेट झाली की मैदानाचं सुरू करा, सगळं मिटायची वाट बघत थांबू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू मजबूत करणारं काही असावं, म्हणजे उड्या, धावणं, चढणं. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, जोमदार म्हणजे दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. तुमच्या मुलाला आज ६० मिनिटं सांगू नका. कित्येक महिने बसून असलेल्या मुलाला पहिल्या दिवशी पूर्ण मॅच खेळायला पाठवलं की दहाव्या मिनिटाला धाप लागते, सगळे ते बघतात आणि तो आठवडाभर बाहेर पडत नाही. १५ मिनिटांनी, आठवड्यातून चार दिवस, अशी सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. 'वजन कमी कर' हे कारण देऊ नका. ज्या कारणावरून शाळेत छळ होतो तेच कारण घरात पुढे केलं, तर व्यायामही त्या छळाचाच भाग वाटू लागतो. ताटातला भात मोजणंही नको. या वयात उंची झपाट्याने वाढते, उपास किंवा डाएट धोक्याचं. मात्र मानेवर, काखेत कातडी काळसर जाड झाली असेल, झोपेत मोठ्याने घोरत असेल किंवा चालताना दम लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पोटदुखीसाठीही एकदा दाखवाच. शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं आणि सुट्टीला दुखत नाही, अशी पोटदुखी बहुधा ताणाची असते, पण ती खोटी नसते. त्याला खरंच दुखतं.

कुठला खेळ, हे त्याने ठरवायचं, पण कोऱ्या पाटीवर नाही. 'तुला काय आवडेल?' असं विचारलं की 'काही नाही' हे उत्तर येतं. दोन-तीन ठोस पर्याय ठेवा. सायकल, घरामागे बॉल, किंवा वाड्यावरच्या ढोल-ताशाचा सराव. शेवटचा पर्याय सहज लिहिलेला नाही. होळीच्या सुमाराच्या शिगम्याआधी रोमटामेळाची, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीची, तालीम सुरू होते, तेव्हा कमरेला ढोल बांधून तासभर वाजवत नाचणं ही चांगली जोमदार मेहनत आहे. ताल चुकला तर चिडवणारं कोणी नसतं, मोठी मुलं शिकवतात, आणि दणकट अंगाचा मुलगा तिथे हवासा असतो. मुलगी असती तर फुगडीबद्दल हेच लिहिलं असतं. पोहणं उत्तम व्यायाम आहे, पण अंग उघडं करावं लागतं, म्हणून सध्या त्याला त्याचा आग्रह नको.

फुटबॉलची ओढ अजून असेल, आणि डिचोलीतल्या मुलाला ती असण्याची शक्यता बरीच आहे, तर ती एकट्याने परत मिळवता येते. एक भिंत हवी, खिडकी नसलेली, आणि त्याच्या वयाचा ४ नंबरचा बॉल. हवा नीट भरलेली असावी, मऊ बॉल भिंतीवरून परत येत नाही आणि पोरगं वैतागतं. भिंतीपासून तीन मीटरवर उभं राहायचं. पावलाच्या आतल्या बाजूने मारायचं, घोटा घट्ट, बोटं वर, टेकलेला पाय बॉलच्या बाजूला. परत आलेला बॉल आधी अडवायचा, मग मारायचा. उजव्या पायाने २५, डाव्याने २५. बोटांच्या टोकाने मारला की बॉल उडतो आणि कुठेही जातो, बहुतेकांची चूक हीच असते. न चुकता सलग किती झाले, तो आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. आठ झाले की आठ, अकरा झाले की आठ पुसून अकरा. गेम त्याला हेच देतो, आपण वाढतोय याचा दिसणारा पुरावा. सलग ३० झाले की चार मीटरवर जायचं, मग न अडवता एका फटक्यात. पंधरावीस दिवसांत पास सरळ जायला लागतो, आणि सरळ पास देणाऱ्या मुलाला संघात घ्यायला कोणी नको म्हणत नाही, मग तो धावायला कमी का असेना.

त्या दिवसांत बाबांनी किंवा काकांनी कोच होऊ नये. उभं राहून सूचना करणारा मोठा माणूस आला की खेळाची शिकवणी होते. बॉल परत करत राहावं आणि विचारलं तरच बोलावं. 'रोज खेळलास तर अमुक रुपये' हेही नको. डेसी यांनी १९७१ मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं की कोडी सोडवायला पैसे दिलेले विद्यार्थी पैसे थांबल्यावर ती कोडी फावल्या वेळात कमी सोडवू लागले. आपण हे पैशासाठी करतो, असं मन ठरवून टाकतं.

सोबतीचा प्रश्न त्याच्या गेममधूनच सुटू शकतो. त्याच्या तुकडीत कोण कोण आहे ते विचारा. त्यातला एखादा वर्गमित्र किंवा मामेभाऊ जवळपास राहणारा निघतो. शनिवारी त्याला घरी बोलवा, दोघांना तासभर गेम खेळू द्या, भजी द्या आणि मग दोघांना मिळून बाहेर काढा. एकाला बाहेर काढणं कठीण, दोघं आपणहून जातात. सहा-सात मुलं जमली तर लगोरी उत्तम: कोणी शेवटपर्यंत ओळीत उभं राहत नाही, नेम चांगला असलेल्याला मान असतो, नुसता वेग पुरत नाही.

पावसात हे सगळं अडतं. जून ते सप्टेंबर अंगणात चिखल असतो. तेव्हा पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात दोरीच्या उड्या: २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, असं आठ वेळा. जमिनीपासून पाय दोन बोटंच उचलायचे, उंच उड्या मारल्या की नडगी दुखते. पावसात शेतात खेळायला गेलाच तर पायावरची जखम झाकून जाऊ दे आणि आल्यावर साबणाने पाय धुऊ दे. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होतो, ताप आला तर डॉक्टरांना शेतात खेळल्याचं सांगा.

बाहेर जाणं सुरू झालं, आठवड्यातले चार दिवस ठरले, मग मोबाईल. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

तुमची दुपारची अडचण गोव्यातल्या बहुतेक घरांची आहे. शाळा दीडच्या सुमाराला सुटते आणि आईबाप पाच-साडेपाचला येतात. दोन ते चार बाहेर ऊन असतं, आजी आडवी झालेली असते. त्या वेळात गेम खेळू द्यायला हरकत नाही. जेवण, थोडं पडणं, अडीच ते चार गेम. चारला चहा आणि बाहेर. आजीने मोबाईल हिसकावायचा नाही, पंधरा मिनिटं आधी 'ही शेवटची' एवढंच सांगायचं. रात्रीचा गेम मात्र बंद, आणि इथे तडजोड नको. ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सहाला उठायचं असेल तर नऊला झोपायला हवं. रात्री साडेआठनंतर सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचाही. तुमचा हातात राहिला तर हा नियम चार दिवसही टिकणार नाही.

वेळ मिनिटांत मोजाल तर रोज भांडण होईल. या गेमांत मध्येच उठलं की रँक खाली येते आणि तुकडीतले बाकीचे हरतात, ते त्याला शिव्या घालतात. म्हणून मॅचवर मोजा. फ्री फायर मॅक्स या गेममध्ये एक मॅच सुमारे १० मिनिटांची, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) या गेममधली मोठी मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते. दीड तास म्हणजे पहिल्यात आठेक, दुसऱ्यात तीन. किती, ते त्याच्याशी बोलून ठरवा, कागदावर लिहा, दोघांनी सही करा. सध्याच्या चार-पाच तासांवरून एका दिवसात दीडवर आणू नका, आठवड्याला अर्धा तास कमी करत या आणि आधी रात्रीचा काढा.

गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपमधून मर्यादा लावता येते, पण ती ठरलेल्या वेळेपेक्षा १५ मिनिटं जास्त ठेवा, नाहीतर मॅचच्या ऐन मध्यात स्क्रीन बंद होते आणि त्याला तुमचा शब्द फसवा वाटतो. त्याने खातं उघडताना वय वाढवून टाकलंय का ते आधी बघा. गेम थांबला की मुलं दुसऱ्याचा गेम यूट्यूबवर बघत बसतात, तोही वेळ धरायचा हे कागदावरच लिहा. डायमंड, यूसी अशा गेममधल्या चलनाची खरेदी तुमच्या मंजुरीशिवाय होणार नाही अशी सोय करा, आणि यूपीआयचा पिन मुलाला माहीत असेल तर आजच बदला. शाळेत मार्क कमी पडले म्हणून ठरलेला गेम कापू नका. करार एकतर्फी मोडला की पुढचा करार होत नाही.

एकदा त्याच्याशेजारी बसून गेम बघा. नावं विचारा, कोण कुठे लपलंय ते विचारा. वर्षभरात त्याच्या आवडीच्या गोष्टीबद्दल घरात त्याने फक्त ओरडणं ऐकलेलं असतं.

व्यसन म्हणावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. त्यासाठी खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं आणि नुकसान होत असूनही तो चालू राहणं, हे साधारण १२ महिने आणि रोजचं जगणं कोलमडेल इतक्या प्रमाणात दिसावं लागतं. चार-पाच तासांचा आकडा त्यासाठी पुरेसा नाही, आणि तुमच्या पत्रावरून तसं वाटतही नाही. पण काही खुणा दिसल्या तर वाट बघू नका: शाळेत जायला पूर्ण नकार, अंथरूण ओलं होणं, आवडती माणसंही नकोशी होणं, अंगावर स्वतः केलेल्या जखमा, 'मी नसतो तर बरं' असं काही बोलणं. असं बोलला तर 'वेडं काही बोलू नको' म्हणून विषय टाळू नका. 'मरावंसं वाटतं का?' असं सरळ विचारा, विचारल्याने ती कल्पना मनात शिरत नाही. त्याला एकटं ठेवू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मोफत आहे. बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत मुलाला दाखवता येतं, पर्वरीला 'संगत' ही संस्थाही मुलांसोबत काम करते.

सहा आठवड्यांनी पुन्हा लिहा. पोटदुखी आठवड्यातून किती सकाळी होते, बालरथात त्याच्या शेजारी कोण बसतं, आणि भिंतीवरचा आकडा किती झाला, एवढं कळवा. पोटदुखी तशीच असेल तर गेम आणखी कमी करू नका, वही घेऊन परत शाळेत जा.